विंचवाचं बिऱ्हाड आणि दारावरची पाटी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बँकेतला माणूस, त्यामुळे आज मी मुदत ठेवी किंवा नॉमिनेशन यावर बोलणार असं बहुतेकांना वाटलं असेल. त्या विषयावर मी मागे एकदा बोललो आहे, आणि त्या वेळी पुढच्या रांगेतल्या दोघांना छान झोप लागली होती. नावं सांगत नाही, दोघेही आज हजर आहेत. म्हणून आज विषय वेगळा घेतलाय. आपल्यापैकी पुष्कळांची मुलं-मुली परदेशात आहेत, आपण तिकडे सहा-सहा महिने जाऊन राहतो, आणि तिथे घरात चाललेल्या मोठ्या खरेदीत आपल्याला कोणी विचारलं तर काय सांगावं ते कळत नाही. आमच्या घरात अशीच एक खरेदी झाली. वस्तू होती पॉप-अप ट्रक कॅम्पर.

आधी ही वस्तू काय ते सांगतो. अमेरिकेत पिकअप ट्रक हे घरगुती वाहन आहे. पुढे चार-पाच माणसं बसायची जागा, मागे उघडा हौदा. त्या हौद्यात एक छोटी खोली बसवायची, तिला म्हणतात ट्रक कॅम्पर. तिला स्वतःची चाकं नसतात. खाली चार जॅक लावायचे, ट्रक पुढे काढून घ्यायचा, की खोली आपली उभी. आत गॅसची शेगडी, फ्रीज, पाण्याची टाकी, थंडीसाठी हीटर, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या भागात पलंग. पॉप-अप म्हणजे हिचं छप्पर वर-खाली होतं. प्रवासात छप्पर खाली, मुक्कामाला पोचलं की वर. मधल्या दोन-अडीच फुटांत जाड कापडाच्या भिंती उभ्या राहतात. छप्पर खाली असल्यामुळे वारा कमी लागतो, झाडांच्या फांद्या आपटत नाहीत, वळणावर गाडी कमी डुलते. आपल्याकडे म्हणतात ना, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. अगदी तसं.

आमची मुलगी आणि जावई कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळ राहतात. दोघं नोकरी करतात, नातू तेव्हा सात वर्षांचा. घराच्या कर्जाचे हप्ते चालू. अशा घरात वीस-तीस हजार डॉलरची वस्तू घ्यायची म्हणजे गंमत नाही. नव्या, आतून सजवलेल्या कॅम्परची किंमत तेव्हा साधारण तेवढी जायची. जावयांनी चार-पाच कंपन्यांची माहितीपत्रकं आणून जेवणाच्या टेबलावर पसरली आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही आयुष्यभर कोटेशनं तपासलीत. यातलं कुठलं घ्यावं?"

मी म्हटलं, माहितीपत्रकं बाजूला ठेवा. आधी गाडी कोणती ते बघू.

कारण कर्ज देताना आम्ही आधी काय बघायचो? घेणाऱ्याची कुवत. इथे घेणारा कोण? ट्रक. त्याच्या पाठीवर किती ओझं चालेल हे ट्रकच्या कंपनीने ठरवून दिलेलं असतं. तिकडे प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. माणसं आणि सामान मिळून एकूण वजन अमुक किलो किंवा अमुक पौंडांपेक्षा जास्त होता कामा नये, असं तिच्यावर लिहिलेलं असतं. जावयांची गाडी होती टोयोटा टॅकोमा. तिच्या चिठ्ठीवर आकडा होता १,२०० पौंड, म्हणजे ५४४ किलो. हा आकडा तुमच्या ओळखीचा आहे. आठ माणसांच्या लिफ्टच्या पाटीवर हाच असतो. आठ व्यक्ती, ५४४ किलो.

आता हिशेब बघा. जावई ८०, मुलगी ६२, नातू २८. झाले १७० किलो. उरले ३७४. आम्ही बघितलेला हलक्यात हलका पॉप-अप कॅम्पर, आतून जवळजवळ रिकामा, ज्याला तिकडे शेल म्हणतात, तो नऊशे पौंडांच्या आसपास, म्हणजे ४१० किलो. अजून पाणी भरलं नाही, गॅस नाही, बॅटरी नाही, शिधा नाही, आणि ओझं ३६ किलोंनी जास्त झालंसुद्धा.

माहितीपत्रकात जे वजन छापलेलं असतं ते कोरडं वजन. म्हणजे कारखान्यातून निघालेला रिकामा डबा. बऱ्याच कंपन्या त्यात जादा घेतलेल्या वस्तूही धरत नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी आपण ही घरं घेतली तेव्हा बिल्डरच्या कागदावर सुपर बिल्ट-अप होतं आणि आत आल्यावर कार्पेट मोजलं, ते आठवा. इथे उलटं होतं. कागदावरचा आकडा लहान आणि प्रत्यक्षातला मोठा. वीस गॅलनची पाण्याची टाकी भरली की ७६ किलो. गॅसची दोन छोटी भरलेली सिलिंडरं मिळून वीस किलो. बॅटरी तीस किलो. कपडे, भांडी, शिधा, खुर्च्या, नातवाची सायकल धरा नव्वद. हे सगळं मिळून २१६ किलो होतं, आणि हे माहितीपत्रकात कुठेच नसतं.

आम्ही एका विक्रेत्याकडे गेलो होतो. त्याला मी ही चिठ्ठी दाखवली. तो हसून म्हणाला, सगळे असंच नेतात, मागच्या चाकांना एअरबॅग टाकून घ्या, काही होत नाही. मंडळी, "सगळे असंच करतात" हे वाक्य मी ३६ वर्षं कर्जाच्या टेबलावर ऐकलंय. एअरबॅग टाकली की गाडीचं बूड खाली बसत नाही, एवढंच. ब्रेक तेच राहतात, ॲक्सल तोच, टायर तेच. दारावरचा आकडा त्याने बदलत नाही.

आणि कोलोरॅडो म्हणजे नुसते घाट. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आय-७० हा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यातून जातो, तो समुद्रसपाटीपासून अकरा हजार फुटांवर आहे. बोगद्यातून बाहेर पडलं की मैलोन्‌मैल उतार. ब्रेक तापून निकामी झालेल्या ट्रकांसाठी रस्त्याच्या कडेला खडी भरलेले चढ करून ठेवलेत, त्यात गाडी घुसवून थांबवायची. बोरघाट उतरताना आपण जीव मुठीत धरतो, तिथे त्याच्या पाचपट उंचीवर माझा नातू मागच्या सीटवर बसणार होता. म्हणून मी हट्टाला पेटलो.

घरात दोन दिवस जरा ताण होता. त्या ट्रकवर जावयांचा जीव. अमेरिकेत स्वतःच्या हिमतीवर घेतलेली ती पहिली गाडी, नातू जन्मल्यावर दवाखान्यातून तिच्यातूनच घरी आला होता. ती विकायची म्हणजे काय ते मला कळत होतं. मी काही बोललो नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, वाद नको, तुम्ही कागदावर मांडून ठेवा." मी दोन रकाने करून आकडे लिहिले आणि कागद फ्रीजवर लावला. त्या रात्री जेवण झाल्यावर जावई टॉर्च घेऊन खाली गेले, स्वतः दार उघडून ती चिठ्ठी पुन्हा वाचली, वर आले आणि म्हणाले, "बाबा, ट्रक बदलायला लागेल." मला बरं वाटलं, कारण निर्णय त्यांचा होता.

टॅकोमाला जुन्या बाजारात चांगली किंमत येते. ती विकून त्यांनी एक वापरलेला मोठा ट्रक घेतला. त्याच्या दारावर आकडा होता २,९०० पौंड, म्हणजे १,३१५ किलो. मग आम्ही कंपन्यांकडे वळलो.

कंपन्यांमधला पहिला मोठा फरक सांगाड्याचा. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ वुडलंड गावी फोर व्हील कॅम्पर्स ही कंपनी आहे, १९७२ पासूनची. तिचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या नळ्या वेल्डिंग करून बनवतात. वजनाला हलका, खडबडीत रस्त्यावर थोडा लवतो, मोडत नाही, कुजत नाही. पण ॲल्युमिनियममधून थंडी पटकन आत येते. आयोवा राज्यातली नॉर्थस्टार सांगाड्याला लाकूड वापरत आली. लाकूड थंडीला चांगलं, आणि कुठलाही बरा सुतार दुरुस्त करू शकतो. पण एकदा सांध्यातून पाणी आत झिरपलं की ते आतून कुजत जातं, आणि बाहेरून दिसतं तेव्हा वेळ गेलेली असते. आपल्या गच्चीच्या गळतीचा अनुभव असल्यावर हे मी वेगळं सांगायला नको. कोलोरॅडोतच फोर्ट लप्टन गावी हॉलमार्क ही एका कुटुंबाची कंपनी आहे. ती भिंती आणि छप्पर सलग पॅनेलचे करते, सांधे कमी म्हणून गळतीची भीती कमी. पण असलं पॅनेल फुटलं तर ते काम कोणालाही जमत नाही. तिच्या काही मॉडेलांची नावं तिथल्या घाटांवरून आहेत, मिलनर, ग्वानेला अशी. म्हणजे आपल्याकडे कोणी वरंधा किंवा आंबेनळी नावाची गाडी काढावी तसं!

दुसरा फरक छपराचा. काही कॅम्परांत छप्पर आत उभं राहून हातांनी किंवा खांद्याने वर ढकलायचं असतं. यंत्र नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही, हा मोठा गुण. पण वर सौर पॅनेल आणि सामान टाकलं की तेच छप्पर जड होतं. आमची मुलगी उंचीने पाच फूट एक इंच. तिला ते एकटीला जमेना. "मी एकटी मुलाला घेऊन गेले तर?" हा तिचा प्रश्न रास्त होता. काही कंपन्या विजेवर चालणारं छप्पर देतात. तिथे आम्ही एकच विचारायचो, बॅटरी संपली तर हाताने वर-खाली करता येतं का? आमच्या सौभाग्यवतींनी तर प्रत्येक ठिकाणी वरच्या पलंगावर चढून-उतरून बघितलं. विक्रेते चकित व्हायचे. पण साठी उलटलेल्या बाईला रात्री दोनदा उतरावं लागतं, हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

तिसरा फरक भिंतींचा. कापडी भिंतीत उन्हाळ्यात वारा खेळतो, पण थंडी आणि आवाज आत येतात, आणि काही वर्षांनी कापड बदलावं लागतं. कापड कंपनी बदलून देते का, किती घेते, हे आधी विचारावं. दुसरी गोष्ट अस्वलांची. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फिशिंग ब्रिज नावाचा गाड्यांचा तळ आहे. तिथे ग्रिझली अस्वलांचा वावर असल्यामुळे कापडी भिंतींच्या गाड्यांना मुक्कामाची परवानगीच नाही. ज्यांना अशा जागी जायचं असेल त्यांच्यासाठी वॉशिंग्टन राज्यात अलास्कन ही कंपनी कॅम्पर बनवत होती, १९५८ पासूनची. तिचा वरचा अर्धा भाग हायड्रॉलिकवर उचलला जातो आणि भिंती वरपासून खालपर्यंत टणक असतात. डब्यात डबा बसवावा तसं. अर्थात वजन आणि किंमत दोन्ही जास्त.

चौथा मुद्दा, खोली ट्रकला बांधतात कशी. हलके कॅम्पर हौद्याच्या तळाला बोल्ट टाकून आतून आवळतात, जड कॅम्परांचे दोर ट्रकच्या चासीला बांधावे लागतात. फोर्डच्या एफ-१५० ट्रकची बॉडी २०१५च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमची आहे, तिथे बोल्टाखाली जाड पट्टी लागते. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या चाकांच्या आसाच्या पुढे आला पाहिजे, मागे गेला तर गाडीचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग ऐकत नाही. ज्या कंपनीचा माणूस आपण न विचारता ट्रकचं मॉडेल, हौद्याची लांबी आणि दारावरचा आकडा विचारतो, त्याच्याशी पुढे बोलावं. जो आधी पडद्यांचा रंग विचारतो, त्याला नमस्कार करावा.

पाचवा मुद्दा माझ्या धंद्याचा, म्हणून जरा थांबून सांगतो. वॉरंटी म्हणजे काय? कंपनीने दिलेली प्रॉमिसरी नोट. ती नोट कंपनीच्या आयुष्याएवढीच टिकते. २००८ च्या मंदीनंतर, मार्च २००९ मध्ये, फ्लीटवुड आणि मोनॅको या अमेरिकेतल्या फिरत्या घरांच्या दोन बड्या कंपन्यांनी एकाच महिन्यात दिवाळखोरीचे अर्ज केले. मंदी आली की सगळ्यांत आधी हौशीची खरेदी थांबते, त्यामुळे हा धंदा चढ-उताराचा. मोठी कंपनी बुडत नाही असं नाही, आणि छोटी बुडतेच असंही नाही. पालोमिनो हे नाव फॉरेस्ट रिव्हर या मोठ्या कंपनीचं, आणि ती कंपनी २००५ मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने विकत घेतली. पाठीशी भांडवल भक्कम, गावोगाव डीलर, किंमतही बेताची. पण तिथे तुमचा संबंध डीलरशी, कारखान्याशी नाही. छोट्या कुटुंबाच्या कंपनीत फोन मालकच उचलतो, पण रांग मोठी आणि कारखाना कदाचित हजार मैलांवर. तुम्हाला कुठली अडचण परवडते, ते ठरवायचं. आपण लिफ्टची एएमसी देताना बघतोच की, कंपनी कितीही नामांकित असो, शनिवारी रात्री लिफ्ट अडकली तर माणूस कुठून येणार?

मी नेहमीप्रमाणे तुलनात्मक तक्ता केला. सामान भरून वजन, सांगाडा, छप्पर, कापड बदलायची सोय, दुरुस्तीचं ठिकाण घरापासून किती अंतरावर, आणि सात-आठ वर्षं जुना कॅम्पर बाजारात कितीला विकला जातो. हा शेवटचा रकाना फार बोलका असतो. ज्या वस्तूला वापरणारे लोक जुनी झाल्यावरही चांगले पैसे देतात, तिची परीक्षा त्यांनी आपल्या वतीने घेतलेली असते.

तरीही कागदावर भागत नाही. म्हणून घेण्याआधी आम्ही एक पॉप-अप कॅम्पर तीन दिवस भाड्याने घेतला आणि ग्रेट सँड ड्यून्स या राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला गेलो. आम्ही दोघं जवळच्या मोटेलात, ती तिघं कॅम्परमध्ये. सप्टेंबरचा महिना, उंची आठ हजार फुटांच्या वर, रात्री कडाक्याची थंडी. सकाळी मी चहाला गेलो तर आतल्या भिंतींवर दव धरलेलं आणि नातवाची उशी ओली. तीन माणसांचा श्वास आणि गॅसवर उकळलेलं पाणी, दुसरं काही नाही. छपराची खिडकी बोटभर उघडी ठेवून हीटर लावला की हा त्रास कमी होतो, हे दुसऱ्या रात्री कळलं. गॅस बंद जागेत जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो, म्हणून त्याचा अलार्म चालू आहे ना हे झोपण्याआधी बघायचंच. भाड्याचे पैसे कॅम्परच्या किमतीपुढे काहीच नव्हते, आणि त्यात मुलीने ठरवलं की कापडाला आतून थंडीचं अस्तर असलेलाच कॅम्पर घ्यायचा.

शेवटी घेतला हॉलमार्कचा, सात वर्षं वापरलेला. कारण सांगतो. कारखाना घरापासून तासाभराच्या आत. मुलगी आणि जावई वुडलंडजवळ राहत असते तर बहुधा मी फोर व्हीलच्या बाजूने मत दिलं असतं. म्हणून माझं उत्तर उतरवून घेऊ नका, रकाने उतरवून घ्या.

पहिल्या सहलीला निघताना आम्ही ट्रक वजनकाट्यावर घातला. तिकडे महामार्गावर ट्रकवाल्यांच्या थांब्यांवर सार्वजनिक काटे असतात, थोडे डॉलर दिले की पुढच्या-मागच्या चाकांवरचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. साखर कारखान्याच्या दारात उसाची गाडी काट्यावर उभी राहते, तसे आम्ही उभे राहिलो. हिशेब असा होता: कॅम्पर ६८०, पाणी-गॅस-बॅटरी-सामान २१६, ती तिघं १७०, आणि आम्ही दोघं म्हातारे १३०. एकूण १,१९६ किलो. मर्यादा १,३१५. काट्याची पावती या हिशेबाला धरूनच आली. ११९ किलो शिल्लक. सौभाग्यवती लगेच म्हणाल्या, मग लोणच्याच्या बरण्या घ्यायला हरकत नाही.

आपल्याकडे असं काही करावं का, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, त्यामुळे हा शब्द आता इथेही ऐकू येईल. मात्र आपल्या गाडीवर मनाने काही बसवता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत, म्हणून आधी आरटीओत विचारा आणि मगच फॅब्रिकेशनवाल्याकडे जा.

तुमच्या मुलांनी असा विषय काढला, तर त्यांना पाच गोष्टी विचारा. गाडीच्या दारावरचा आकडा किती? सामान आणि माणसं भरून वजन किती? सांगाडा कशाचा आणि पाणी शिरलं तर काय? छप्पर घरातल्या सगळ्यांत लहानखुऱ्या माणसाला एकट्याने उचलता येतं का? आणि दहा वर्षांनी दुरुस्ती कोण करणार? पाचही उत्तरं मिळाली की कंपनीचं नाव आपोआप पुढे येतं. त्यांचे पैसे त्यांचे, निर्णय त्यांचा. आपण फक्त आकडे मांडून कागद फ्रीजवर लावायचा.

यंदा पुढच्या रांगेत सगळे जागे राहिले. प्रश्न असतील तर चहा घेता घेता बोलू.